एक डोळा झाकून पाहा



आपल्याकडे म्हातारपण आणि अंधारी यांची जोडी धरूनच चाललेली असते. दात पडले, गुडघे धरले, डोळे गेले. वय झाले, दुसरे काय? घरच्यांना त्यात वावगे वाटत नाही आणि म्हाताऱ्या माणसालाही वाटत नाही. फार तर कोणी म्हणते, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." या एका वाक्यापायी किती जणांचे डोळे हातचे जातात, आणि ते टाळण्यासाठी घरच्या घरी दोन मिनिटांत काय करता येते, हे सांगण्यासाठी आज लिहायला बसले आहे.

मोतीबिंदू हा शब्द आपल्या लोकांना ठाऊक झाला, त्याला कारण आहे. १९७६ साली केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. पुढे १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने देशातील सात राज्यांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची मोठी मोहीम चालली. महाराष्ट्र त्या सातांत होता. शिबिरे झाली, काळे चष्मे घातलेली म्हातारी माणसे गाडीतून गावात उतरली, आणि कालपर्यंत चाचपडणारी आजी आज नातवाचा चेहरा पाहून हसली. हे सगळे चांगलेच झाले. पण त्यातून एक समजूत घट्ट बसली, की म्हातारपणी दिसेनासे झाले म्हणजे मोतीबिंदूच असणार, आणि मोतीबिंदूला घाई नसते.

मोतीबिंदूत डोळ्याच्या पुढच्या बाजूचे भिंग गढूळ होते. खिडकीची काच मळावी तसे. ते गढूळ भिंग काढून नवे बसवले की पुन्हा दिसते. आता तर तो पिकण्याची वाट पाहायचीही गरज उरलेली नाही. रोजच्या कामाला अडथळा होऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. पण डोळ्यात मागच्या बाजूला एक पडदाही असतो, दृष्टिपटल. त्याच्या मधोमध सुमारे पाच मिलिमीटरची एक जागा आहे. तिला डॉक्टर मॅक्युला म्हणतात, मराठीत पीतबिंदू. वाचणे, शिवणे, तांदळातला खडा दिसणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे या एवढ्याशा जागेवर चालतात. वय वाढले की काहींच्या बाबतीत ही जागा झिजू लागते. पन्नाशीनंतर हा धोका सुरू होतो आणि वयाबरोबर वाढत जातो.

या विकाराचे दोन प्रकार आहेत. एक कोरडा. तो जास्त लोकांत आढळतो आणि हळूहळू, वर्षांच्या हिशेबाने पुढे सरकतो. दुसरा ओला. त्यात पडद्याच्या खाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांतून पाणी किंवा रक्त झिरपते. पावसाळ्यात भिंतीत पाणी मुरले की गिलावा फुगतो, तसा तो पडदा फुगतो. म्हणून सरळ रेघ वाकडी दिसू लागते. हा ओला प्रकार आठवड्या-महिन्यांत मधली नजर घेऊन जातो. वेळेवर गाठला तर थोपवता येतो. खाली व्रण धरला, की मग फार काही करता येत नाही. मोतीबिंदूला थांबलेले चालते, याला चालत नाही. आणि वरवर पाहता दोघांची तक्रार एकच असते, "अंधुक दिसतंय."

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले. आमचे घर साखरशेतला. गावात बौद्धांची घरे मोजकी, बाकी वस्ती आदिवासी बांधवांची. माझ्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. उभे आयुष्य दुसऱ्याच्या भातशेतीत आणि वीटभट्टीवर गेले. अक्षर शिकल्या त्या चाळिशीत, १९९०च्या दशकातल्या साक्षरता वर्गात, दिवसभराची मजुरी आटोपून. तेव्हापासून दर वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या घरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन त्याच करत आल्या. बोट ठेवून वाचतात, सावकाश वाचतात, पण एक ओळ गाळत नाहीत.

एका पावसाळ्यात त्यांनी ग्रंथ नातीच्या हातात दिला. म्हणाल्या, "घसा बसतो, आता पोरींनी वाचावं." सगळ्यांना ते योग्यच वाटले. थोड्या दिवसांनी शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या सासूला मोठेपणा आलाय काय? समोरून जयभीम केला तरी तोंडाकडं नुसतं बघत राहतात." पण त्याच सासूबाई विहिरीवर एकट्या जात, बांधावरून न अडखळता चालत, उंबऱ्याला कधी ठेचकाळल्या नाहीत. चालणाऱ्या माणसाचे डोळे गेले असतील असे कोणाच्या मनात यावे कशाला? या विकारात मधली नजर जाते आणि बाजूची शाबूत राहते, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते. त्याआधी एका ठिकाणी बॅटरी मारून पाहून "मोतीबिंदू आहे, पिकू द्या" असे त्यांना सांगितलेही होते.

मी कारकुनाची नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी शिबिरांत नावनोंदणीच्या टेबलावर बसते. अशाच एका नेत्रशिबिरात मला एक छापील तक्ता मिळाला होता. पांढऱ्या कागदावर चौकटी आणि मध्ये एक काळे टिंब. सासूबाई एका संध्याकाळी "अक्षरं नाचतात गं" असे म्हणाल्या, तेव्हा मी तो काढला. त्यांना वाचायचा चष्मा लावायला सांगितला आणि डावा डोळा तळहाताने झाकायला लावला.

"आई, मधलं टिंब दिसतं का तुम्हाला?"

"दिसतं की."

"त्याच्याकडंच बघा. भोवतीच्या रेघा सरळ आहेत का?"

"नाहीत. मधल्या रेघा खाटेच्या ढिल्या सुतळीसारख्या लोंबतात."

मग उजवा डोळा झाकला. तोच प्रश्न विचारला. त्या बराच वेळ गप्प बसल्या.

"कुठलं टिंब? मधे तर शेणानं सारवल्यासारखं झालंय."

डावा डोळा केव्हाच कामातून गेला होता. किती महिन्यांपूर्वी, की वर्षांपूर्वी, हे त्यांनाही सांगता आले नाही. उजवा डोळा दोघांचे काम ओढत होता, म्हणून काही कळले नाही. आता उजव्याच्या रेघाही लोंबायला लागल्या, तेव्हा कुठे अक्षरे नाचली.

मी वाणिज्य शाखेची. हिशेबाचे एक साधे सूत्र आहे. दोन खात्यांची शिल्लक एकत्र मांडली की एका खात्यातली तूट दुसऱ्याच्या जमेखाली झाकली जाते. तूट शोधायची तर प्रत्येक खाते वेगळे उघडावे लागते. डोळ्यांचेही तसेच आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून आपण जन्मभर पाहतो आणि मेंदू दोघांची बेरीज करून एकच चित्र पुढे ठेवतो. एका डोळ्यातले भोक दुसरा भरून काढतो. म्हणून या तपासणीत तक्त्याइतकाच महत्त्वाचा आहे तो झाकलेला हात.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नाशिक गाठले. जव्हारहून नाशिक सुमारे ८० किलोमीटर. तिथे पडद्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आतून तपासले. ओसीटी नावाच्या यंत्राने पडद्याच्या थरांचे चित्र काढले. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही, नुसते एका ठिपक्याकडे पाहायचे असते. डाव्या डोळ्यात जुना व्रण निघाला. त्याला उपाय नव्हता. उजव्यात ओला प्रकार नुकताच सुरू झाला होता. त्यावर इंजेक्शन असते, आणि ते डोळ्यातच द्यावे लागते. ऐकून आमच्या पोटात गोळा आला. पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात आणि काम काही क्षणांत उरकते. पहिली तीन इंजेक्शने महिन्या-महिन्याने झाली, पुढची तपासून गरजेप्रमाणे. आज सासूबाई उजव्या डोळ्याने, भिंग धरून, मोठ्या अक्षरातले वाचतात. पूर्वीसारखे नाही. एक पान झाले की थांबतात. पण वाचतात, आणि जयभीम करणाऱ्याला नावाने हाक मारतात.

ही इंजेक्शने नव्या काळातली आहेत. पूर्वी लेझरपलीकडे डॉक्टरांच्या हातीही फारसे काही नव्हते. रॅनिबिझुमॅब नावाच्या औषधाला अमेरिकेत २००६ साली या विकारासाठी मान्यता मिळाली. मूळ कर्करोगासाठी बनवलेले बेव्हासिझुमॅब हे दुसरे औषधही फार थोड्या मात्रेत डोळ्यासाठी वापरले जाते आणि ते पुष्कळ स्वस्त पडते. २०११ साली अमेरिकेत या दोन औषधांच्या तुलनेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभराअंती दोन्हींनी नजरेला सारखाच फायदा झाल्याचे दिसले. आपल्यासारख्या मजुरीवर जगणाऱ्या माणसांनी म्हणून डॉक्टरांना न लाजता विचारावे, "साहेब, याच कामाचे स्वस्त औषध आहे का? ते आम्हाला चालेल का?" विचारण्यात कमीपणा नाही.

हा चौकटींचा तक्ता स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी १९४०च्या दशकात प्रचारात आणला, म्हणून त्याला आम्स्लरचा तक्ता म्हणतात. त्यात ना वीज लागते, ना यंत्र, ना अक्षरओळख. शाळेतल्या मुलाला पट्टी आणि पेन दिले तर तो करून देईल. पांढऱ्या कागदावर १० सेंटिमीटरचा चौरस आखा. त्यात दर ५ मिलिमीटरवर आडव्या आणि उभ्या रेघा मारा. २० गुणिले २०, अशा ४०० चौकटी होतील. बरोबर मध्यभागी ठसठशीत टिंब काढा. झाला तक्ता.

तो वापरायची रीत अशी. उजेड चांगला असावा. वाचायचा चष्मा असेल तर लावावा. तक्ता डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे एक फूटपट्टी अंतरावर धरावा. एक डोळा तळहाताने नीट झाकावा, पण दाबू नये. नजर मधल्या टिंबावरून हलवू नये आणि मनाशी चार प्रश्न विचारावेत. टिंब दिसते का? चौरसाचे चारही कोपरे दिसतात का? सगळ्या रेघा सरळ आहेत का? कुठे चौकटी पुसट, काळपट किंवा गायब आहेत का? मग दुसरा डोळा झाकून हेच पुन्हा करावे. तक्ता हाताशी नसेल तर दाराची चौकट, खिडकीचे गज, फरशीच्या सांधी पाहाव्यात. त्याही सरळ दिसायला हव्यात.

सासूबाईंचे कळल्यावर एका रविवारी आमच्या ओट्यावर शेजारपाजारची वडीलधारी मंडळी जमली. तक्ते मुलीने वहीच्या पानांवर आखले होते. एक वारली आजी आल्या. त्यांनी तरुणपणी लग्नघरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिलेले. रेघ सरळ की वाकडी, हे त्यांना काय शिकवायचे? एकेक डोळा झाकून पाहून म्हणाल्या, "रेघा सरळ हायेत, पण सगळ्यावर धूर बसलाय." तो धूर मोतीबिंदूचा निघाला. दुसरे एक बाबा, जन्मभर विडी ओढलेले, डावा डोळा झाकल्याबरोबर म्हणाले, "बाई, तुमचं तोंड गेलं, कान तेवढे राहिले." सगळे हसले. मी त्यांचे नाव वहीत वर लिहून घेतले आणि त्यांच्या मुलाला त्याच संध्याकाळी गाठून पुढच्या तपासणीचा दिवस ठरवला. बाकीच्यांना रेघा स्वच्छ दिसल्या. ती माणसे दोन्ही डोळ्यांचा हिशेब जुळवून निर्धास्त घरी गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. तक्ता म्हणजे डॉक्टर नव्हे. रेघा सरळ दिसल्या म्हणून डोळा निरोगी आहे असा दाखला मिळत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत पुष्कळदा तक्त्यावर काहीच दिसत नाही, आणि बारीकशी उणीव मेंदू आपणच भरून टाकतो. काचबिंदू या तक्त्यावर विसंबून ओळखता येत नाही. उलट मधुमेहाने पडद्याला सूज आली तरी रेघा वाकतात. म्हणून पन्नाशीनंतर बाहुल्या मोठ्या करून पडद्याची तपासणी अधूनमधून करून घ्यावीच. तक्ता त्या दोन तपासण्यांच्या मधला राखणदार आहे. त्याने हाक दिली, की मात्र "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायचे नाही. त्याच आठवड्यात निघायचे.

आमच्या ओट्यावर एक गृहस्थ म्हणाले, "डोळे जाणं हे मागच्या जन्मीचं असतं." बाबासाहेबांनी हे मागच्या जन्माचे ओझे आपल्या डोक्यावरून उतरवून ठेवले, तरी ते कोणत्या ना कोणत्या दाराने घरात शिरते. धम्मपदाच्या अट्ठकथेत पहिलीच गोष्ट चक्खुपाल थेरांची आहे. वर्षावासात आडवे व्हायचे नाही असा त्यांनी निश्चय केला होता. डोळे दुखू लागले तेव्हा वैद्याने औषध दिले आणि पडून राहून घालायला सांगितले. त्यांनी ते बसूनच घातले. गुण आला नाही, आणि डोळे गेले. अट्ठकथा पुढे त्यांच्या मागल्या जन्मीचे कर्म सांगते. मला त्या गोष्टीत दिसते ते एवढेच, की औषध होते, वैद्य होता, आणि उपचार जसा व्हायला हवा होता तसा झाला नाही. कारण याच जन्मातले होते, याच पावसाळ्यातले. दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधता येते, हे तर आपल्या धम्माचे पहिले शिकवणे. आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुऊन पुसून काढणाऱ्या भगवान बुद्धांनी त्याला मागच्या जन्माचा जाब विचारला नव्हता.

आणि डोळ्यांचे मोल बाबासाहेबांइतके कोणी मोजले? १९४८ पासून ते मधुमेहाने त्रस्त होते. शेवटच्या वर्षांत नजर मंदावली होती. १९५४ साली तर जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. त्यांचा आजार वेगळा होता, पण मंद होत जाणाऱ्या डोळ्यांनीच त्यांनी आपल्यासाठी तो धम्मग्रंथ पूर्ण केला. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. चाळिशीत अक्षर शिकलेल्या एखाद्या बाईची वाचणारी नजर "वय झालं" म्हणून सोडून द्यायची, हे आपल्या समाजाला शोभत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेले वाचन कुठे आता हाती आले आहे. ते शेवटच्या दिवसापर्यंत टिकले पाहिजे.

आता थोडे व्यवहाराचे. तपासणी कुठे, कोणत्या वारी असते, हे आपल्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. आमच्या भागात पुढचा टप्पा जव्हारचे पतंगशहा कुटीर रुग्णालय. तिथे गेल्यावर "अंधुक दिसते" एवढेच सांगू नका. "रेघा वाकड्या दिसतात, मधले दिसत नाही, पडदा तपासा" असे सांगा. तक्त्यावर जिथे वाकडे दिसले तिथे पेन्सिलीने खूण करून तो सोबत न्या. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा आणि शिधापत्रिका जवळ ठेवा. एस.टी.त ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट माफ आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. तेव्हा भाड्याचे कारण सांगून आजीला घरी ठेवू नका.

विडी-सिगारेट सोडा. हा विकार होण्यात वयानंतरचे मोठे कारण तेच आहे. रक्तदाब ताब्यात ठेवा. आई-वडिलांपैकी कोणाला हा विकार असेल तर मुलांनी पन्नाशीपासूनच सावध राहावे. हिरव्या पालेभाज्यांत पडद्याला लागणारे ल्युटीन असते. शेवग्याचा पाला, माठ, पावसाळ्यातला टाकळा आपल्या दारी येतो, तो ताटात असू द्या. जीवनसत्त्वांच्या खास गोळ्यांनी मधल्या अवस्थेतल्या रुग्णांत विकाराची गती कमी होते, असे अमेरिकेतल्या २००१च्या अभ्यासात आढळले. पण त्या सगळ्यांसाठी नाहीत. विशेषतः विडी ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन असलेल्या गोळ्या घेऊ नयेत, त्याने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून काही आणू नका.

ज्यांना विकार आहे त्यांनी तक्ता रोज पाहावा. आमच्याकडे तो चुलीजवळच्या खांबावर लावला आहे आणि सासूबाई सकाळच्या चहाआधी पाहतात. बाकीच्या वडीलधाऱ्यांनी महिन्यातून एकदा पाहिला तरी चालेल. त्यासाठी पौर्णिमेचा दिवस ठरवावा असे मी सुचवते. पौर्णिमेला आपण वंदनेला एकत्र जमतोच. त्रिसरण-पंचशील झाले की विहारात किंवा घरी हा तक्ता एकेकाच्या हाती द्या. तरुण मुलामुलींनी वडीलधाऱ्यांजवळ बसावे, त्यांचा एक डोळा झाकावा आणि विचारावे, "आजी, रेघा सरळ आहेत ना?" ज्यांच्या रेघा वाकल्या त्यांचे नाव वहीत लिहावे, आणि पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्या नावापुढे "तपासणी झाली" अशी नोंद पडलीच पाहिजे.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम.